खालचा खण

सोमवार, १० फेब्रुवारी

इतिहासाने नोंद घ्यावी, आणि इतिहासाला सवड नसेल तर निदान या डायरीने घ्यावी, की आज सकाळी या घरात एका सुशिक्षित, नियमित कर भरणाऱ्या, सर्दीने बेजार झालेल्या बाईला रुमाल मिळाला नाही. पलंगाखालच्या बॅगेत पाहिलं, तिथे उशांचे अभ्रे. शिवणयंत्राच्या पेटीत पाहिलं, तिथे दादाचे मोजे, तेही सगळे एकाच पायाचे असावेत असे. शेवटी पावाच्या डब्यात सापडले. इस्त्री केलेले, चौकोनी घडीचे, वर पावाचा चुरा. नाक पुसलं तर नाकालाच चुरा लागला. संस्कृतीचा ऱ्हास म्हणतात तो याहून फार वेगळा दिसत नसावा.

या सगळ्याला कारण वाळवी. वहिनी ऑक्टोबरात गेली. नोव्हेंबरात मी माझी भाड्याची खोली सोडून दादाकडे राहायला आले, आणि जानेवारीत कळलं की झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट आतून संपलेलं आहे, नुसता रंग उभा आहे. सुताराने ते बोटाने पाडलं. तेव्हापासून कपाटातलं सगळं सामान घरभर निर्वासितांसारखं जागा मिळेल तिथे पडलंय. वहिनीचे कपडे तेवढे एकत्र आहेत. ते पलंगावर, तिच्या बाजूला. स्वेटर, कोट, झगे, शाली, असा चांगला गुडघाभर ढीग. दादा उरलेल्या कडेवर कुशीवर झोपतो, शेजारच्या लठ्ठ प्रवाशाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसलेल्या माणसासारखा.

दुपारी भाचीचा फोन. "आत्या, बाबांचं वजन किती उतरलंय माहितीये तुला? डॉक्टरांनी मला कळवलंय."

"मला कळवायला कुणी नको. मी त्यांचं ताट रोज परत नेते."

"मग ऐक. मार्च संपेपर्यंत ते नीट जेवायला लागले नाहीत तर मी येऊन त्यांना इकडे घेऊन जाणार."

इकडे म्हणजे चौदाव्या मजल्यावर, जिथल्या खिडक्या उघडत नाहीत. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मी इथून हलणार नाही." एवढंच बोलला, आणि अर्धा पाव तसाच ठेवून उठला.

मी ठरवलंय. आधी एक खणांचं कपाट घ्यायचं. ढीग हलला की पलंग मोकळा होईल, पलंग मोकळा झाला की झोप येईल, झोप आली की भूक लागेल. मी वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर दर रविवारी जगाला सुधारते, मला एक भाऊ सुधारता येऊ नये?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादाची एकच अट: जुनंच हवं. "नवीन कपाटं म्हणजे भुसा आणि डिंक." वाळवीने जुनंच खाल्लं होतं हे मी बोलले नाही. मी कधी कधी गप्प बसते, त्याची कुठे नोंद होत नाही, म्हणून इथे करते.

बाजारामागच्या पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक अप्रतिम कपाट दाखवलं. पाच खण, पितळी कड्या, कडांना कोरीव वेल. दादा खाली वाकला, डोळे मिटले, एका बाजूने कान पुढे केला आणि एकेक खण ओढून पाहिला. ही त्याची नोकरीतली सवय. तो पाणीपुरवठ्यात होता. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप नेमका कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याने 'इथे' म्हटलं की तिथेच खणायचे. आता निवृत्तीनंतर गळायला काही उरलेलं नाही, तर तो फर्निचर ऐकतो.

पाचही खण ऐकून झाल्यावर म्हणाला, "हा नको. फार गुपचूप आहे."

"साहेब," दुकानदाराचा आवाज चिरकला, "अहो, गुपचूप असावा म्हणून तर लोक जास्त पैसे मोजतात!"

"त्यांना द्या मग."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, तुला नक्की काय हवंय?"

"बघू ना, चिमणे."

बावन्न वर्षांच्या, चष्म्याचे दोन नंबर असलेल्या बाईला चिमणे म्हणणारा जगात एकच माणूस उरलाय. म्हणून सोडून दिलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आणखी चार दुकानं. मला एक शोध लागलाय: जुनं म्हणून जे जे विकायला आहे ते ते कुठल्या ना कुठल्या राजाचं होतं. राजांकडे इतके पायजमे होते हे शाळेत कुणी शिकवलं नाही. एका दुकानात तर तीन खणी कपाटाला नवा वार्निश अजून ओला होता आणि माझ्या बाहीला लागला. मी म्हटलं, "हे कोणत्या शतकातलं?" मालक म्हणाला, "बाई, लाकूड तर जुनं असतंच ना!"

दादाने सगळी नाकारली. कारणं: गुपचूप. गुपचूप. नुसतं घासतंय. गुपचूप.

संध्याकाळी त्याने सूपचे चार घोट घेतले. मी मोजत नाही, पण दिसतं.

भाचीचा पुन्हा फोन. विचारायचं होतं वजनाचं, आणि वाहवत गेली भलतीकडे. पोरगी फार हळवी झालीये. तिचं बोलणं इथे उतरवून ठेवते, 'आजकालच्या हळव्या मुली' असा लेख कधी लिहावा लागला तर कामाला येईल: "आत्या, आपल्या त्या कपाटाचा खालचा खण! आई अंधारात उठून त्यातून स्वेटर काढायची. कुंईंईं करत यायचा आणि शेवटी टक्. बाबा रोज डोक्यावर उशी घ्यायचे. 'अगं, माणसं झोपलीत इथे!' आई म्हणायची, 'माणसं उठवायलाच ठेवलाय तो.' मग गेल्या उन्हाळ्यात बाबांनी वैतागून त्याला मेणबत्ती घासली. एकदम बंद. आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आता मी उठले हे तुम्हाला कळणार कसं?"

मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. घरात दूध नव्हतंच. पण कपाटांनी दिवसभर पाय तोडल्यावर रात्री पुन्हा कपाटच ऐकायचं म्हणजे काय!

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं. काय झालं ते मला नीट कळलेलं नाही, पण झालं.

बँकेच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. मालक साठीचा, अंगात मखमली कॉलरचा कोट, बोलणंही तसंच, त्यामुळे मी त्याचं नाव मखमल ठेवलंय. दुकान लांबुळकं आणि अंधारं. पुढे खुर्च्या एकमेकींवर पाय वर करून पडलेल्या, मागे आरसे. दोन आरशांच्या मधे ते कपाट. खरं सांगायचं तर काही विशेष नाही. पाच खण, एक कडी बदललेली, वरच्या फळीवर गरम भांड्याचा गोल डाग.

"हे कुठल्या राजाचं?" मी विचारलं.

"हे एका शिक्षिकेचं, ताई. फार दिवस पडून आहे. खोटं कशाला बोलू, खालचा ड्रॉवर कुरकुरतो."

दादा वाकला. वरचे खण त्याने ओढलेही नाहीत. सरळ खालचा धरला. आणि तो खण असा काही विव्हळत बाहेर आला की माझे दात शिवशिवले. शेवटी टक् झालं.

दादा तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं, कंबर धरली. मी हात द्यायला गेले तर त्याने हळूच खण आत ढकलला आणि पुन्हा ओढला. पुन्हा तेच. मखमल ओशाळून म्हणाला, "करून देतो ना साहेब, पाच मिनिटांचं काम—"

"हात लावू नका," दादा म्हणाला. मोठ्याने. इतक्या दिवसांत मी त्याचा मोठा आवाज ऐकला नव्हता.

घेतलं मात्र नाही. "बघू," म्हणाला, "घाई काय आहे." मला तर कपाळावर हात मारावासा वाटला.

पण घरी आल्यावर त्याने ताट पुसून खाल्लं. अंडं, पाव, सूप, सगळं. वर विचारलं, "अजून आहे का?" मी माझ्यातलं दिलं आणि आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

सोमवार, ३ मार्च

जेवण चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वजन थांबलंय, आणखी उतरलेलं नाही. भाचीला मी हे अशा थाटात सांगितलं की जणू मी स्वतः तराजूवर उभी होते.

दादा रोज दुपारी मखमलच्या दुकानात जातो. कपाट मात्र घेत नाही. मी विचारलं, "भाव पाडतोयस का?" तर म्हणाला, "तसं समज." पलंगावरचा ढीग तसाच आहे. मी एकदा त्यातला एक कोट उचलून खुर्चीवर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तो परत जागेवर.

आज मी मागोमाग गेले. पाळत ठेवणं वाईट, पण मी वर्तमानपत्रात लिहिते, माझ्यात तेवढा वाईटपणा नोकरीचा भाग म्हणून आहेच. दुकानाचं दार उघडं होतं. मी पुढच्या खुर्च्यांच्या आडून पाहिलं. दादा कपाटासमोर गुडघ्यावर हात टेकून बसला. खालचा खण ओढला. कुंईंईं, टक्. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उठलीस?"

थांबला. जरा वेळाने खण लोटला आणि मखमलशेजारी स्टुलावर बसून चहा प्यायला लागला.

मला तोंडावर हात दाबून बाहेर पळावं लागलं. कपाटाला उठवतोय! गळका पाइप शोधणारा आमचा इन्स्पेक्टर लाकडाच्या खोक्याची चौकशी करतोय, झोप झाली का बाई म्हणून!

घरी येते तोच संपादकांचा फोन. "बाई, मागचे दोन लेख पाणचट होते. वाचक कळवतायत. रविवारचा तरी चावणारा द्या." आणि त्याच क्षणी सुचलं. एका बैठकीत लिहून काढला. नाव कुणाचं घेतलेलं नाही. 'आमचे एक ज्येष्ठ नातलग.' पण बँकेमागची गल्ली, मखमली कॉलर, कडी बदललेलं कपाट, हे ठेवलं. बारकावे नसतील तर विनोद लोळागोळा होतो.

रविवार, ९ मार्च

छापून आला. मला स्वतःला हसू आलं, आणि मला सहसा येत नाही.

'लोक सासूला देतात त्याहून जास्त मान आमचे नातलग त्या कपाटाला देतात. रोज दुपारी जाऊन ते त्याचा खालचा खण ओढतात, खण आळस देतो, आणि आमचे नातलग अदबीने विचारतात, उठलीस? कपाटाने अजून उत्तर दिलेलं नाही. ज्या दिवशी देईल त्या दिवशी ते विकत घेतलं जाईल.'

बेकरीत दोघी तिघी थांबवून बोलल्या. संपादकांचा फोन: "बाई, जुनी धार परत आली!" मी म्हटलं, धार गेली कुठे होती, पाणी तुम्ही घालत होता.

दादा मागचं पान वाचत नाही. माझ्यावर उपकार म्हणून वाचत नाही, असं तो म्हणतो. बरंच आहे. दुपारी झोपला होता. रविवारी दुकान बंद असतं असं तो समजतो.

सोमवार, १० मार्च

दादा आज गेला आणि लगेच परत आला. छत्री दाराशी ठेवली. टेबलाशी बसला. मी म्हटलं, "आज चहा नाही दिला का तुझ्या मित्राने?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शुद्धलेखन चांगलं आहे तुझं."

आणि आत गेला.

जेवला नाही. ताटाला हात लावला नाही. मी दारातून हाक मारली तर म्हणाला, "भूक नाही, चिमणे." रागावून बोलला असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

मग भाचीचा फोन.

"आत्या, तुझा लेख वाचला."

"आवडला?"

"तुला खरंच कळलं नाही? मी सांगितलं होतं तुला. खालचा खण. आई. मी सगळं सांगितलं होतं, आत्या." मग तिचा आवाज फाटला. "तू 'उठलीस' पण छापलंस?"

मी मागची पानं उलटली. तिचं बोलणं माझ्याच अक्षरात आहे. वर मी लिहिलंय, लेखाला कामाला येईल.

पुढे काय लिहू?

मंगळवार, ११ मार्च

उजाडताच मखमलच्या दारात जाऊन उभी राहिले. कपाट विकत घ्यायचं, पाठीवरून आणावं लागलं तरी आज घरी आणायचं. तो कुलूप काढत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ताई! अहो, केवढे उपकार केलेत! रविवारी नुसती रीघ. ज्याला त्याला तो ड्रॉवर ओढून बघायचा. पोरंटोरं सगळी 'उठलीस, उठलीस' ओरडत होती!" काचेवर माझा लेख चिकटवलेला होता, खाली दिव्यांची माळ.

"कपाट कुठंय?"

"गेलं की! दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, हसून हसून बेजार, उभ्या उभ्या घेतलं."

"आणि दादा?"

मखमल कुलपाशी खेळत राहिला. "साहेब काल आले. मी आपला आनंदात म्हटलं, साहेब, तुमच्या कृपेने गेलं एकदाचं! त्यांनी ते काचेवरचं वाचलं. सगळं वाचलं, उभ्यानेच. मग रिकाम्या जागेशी थोडा वेळ थांबले. चहा घ्या म्हटलं, तर नको म्हणाले." मग एकदम आठवल्यासारखं, "माझ्याकडून काही चुकलं का ताई?"

मी म्हटलं, नाही. खरंच त्याचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, वर घर. हसतमुख बाई. "कुठे दुखतंय?" म्हणाल्या. मी नाव सांगितलं तर टाळीच वाजवली. हॉलमध्ये नेलं. कपाटावर फुलदाणी, गोल डाग तिच्याखाली झाकलेला. मी सांगितलं, हे मला परत हवंय, तुम्ही म्हणाल त्या किमतीला, भावासाठी. त्या गंभीर झाल्या. चांगल्या बाई आहेत. म्हणाल्या, "अहो, मग घेऊन जा की. मला काय, मी गंमत म्हणून घेतलं."

मी खाली बसले आणि खालचा खण ओढला.

काही नाही. पाण्यातून हात फिरवावा तसा आला.

"हां, ते त्या दुकानदाराने करून दिलं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "रंधा मारून, साबण लावून. एवढा त्रास होता म्हणे त्या आवाजाचा! आता बघा कसा रेशमासारखा."

मी खण आत लोटला. पुन्हा ओढला. पुन्हा लोटला. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "पाणी देऊ का?"

मखमलकडे परत गेले. पुन्हा होतं तसं करता येईल का विचारलं. त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "ताई, काढलेलं लाकूड परत कुठून लावू?"

शनिवार, १५ मार्च

संपादकांना कळवलं, या रविवारी लेख नाही. पुढच्याही नाही. ते म्हणाले, "तब्येत?" मी हो म्हटलं.

दादा काल सकाळी आपणहून बोलला. "चिमणे, ते कपाट घेऊन ये आता. कुठलंही आण."

"आपण बघू ना दादा, शोधू. अजून दुकानं आहेत—"

"कुठलंही आण म्हटलं ना."

मी आणलं. नवीन, कारखान्यातलं, भुसा आणि डिंक. खण आपोआप मिटतात, शेवटच्या वीतभर अंतरात स्वतःच हळू होऊन, कुणाला त्रास न देता.

आज दुपारी त्याने सगळे कपडे स्वतः ठेवले. मी मदतीला गेले तर म्हणाला, "तू बस." एकेक स्वेटर मांडीवर घेऊन घडी केली, बाह्या आत, गळा वर. शाली खालच्या खणात. कोट मावेनात तर त्यांची बटणं लावून, नीट गुंडाळून बसवले. शेवटचा खण लोटला. तो स्वतःचा स्वतः मिटला, आणि दादा तो पूर्ण मिटेपर्यंत थांबला.

हेच मला हवं होतं. ढीग हलावा, पलंग मोकळा व्हावा.

पलंग मोकळा आहे. वहिनीच्या बाजूची चादर मधे दबलेली आहे, ढिगाच्या आकाराची. दादा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपतो. मी विचारलं तर म्हणाला, तिथे फार जागा आहे.

गुरुवार, २० मार्च

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. दादा डॉक्टरांकडे गेला तेव्हा मी नव्या कपाटाचा खालचा खण काढला आणि त्याच्या कडांना खडू घासला. लावून ओढला. नुसता खरखरला. मग रेती. रेतीने खण अडकला, आणि सुटला तो माझ्या अंगावर. मग ओलं फडकं, मग राळ, मग स्वयंपाकघरातला खिळा. आयुष्यभर मला न मागता कुरकुरणाऱ्या वस्तू भेटल्या. दारं, पंखे, शेजारी. कुरकुर मुद्दाम करून घ्यायची तर ती मेली येत नाही. बिघडलेलं सुधारता येतं, सुधारलेलं बिघडवता येत नाही, असा एक विनोद मनात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला.

मी जमिनीवर बसलेले, हातभर खडू, मांडीवर खण, आणि दारात दादा.

त्याने सगळं पाहिलं. काय चाललंय हे विचारलं नाही. काठी भिंतीला टेकवून सावकाश माझ्याशेजारी खाली बसला. कोटातून हाडं दिसतात आता.

"उगाच त्या बिचाऱ्याला का छळतेस, चिमणे?"

मी म्हटलं, "दादा, मी तो आवाज—"

"तो तसा नव्हताच," तो म्हणाला. "त्या दुकानातला. जरा जाड होता. आणि टक् फार लवकर यायचं. हिचा बारीक होता, शेवटी वर चढायचा." बोटाने हवेत वर चढून दाखवलं. "मी आपला चालवून घेत होतो."

मला माफी मागायची होती. रविवारचे हजार शब्द लिहिते मी, मला तेवढा एक सापडेना.

तोच म्हणाला, "ती मेणबत्ती मी घासायला नको होती."

मी खण जागेवर बसवला. त्याने माझ्या बाहीवरचा खडू झटकला.

रविवार, ३० मार्च

भाची शुक्रवारी आली. भांडायच्या तयारीने आली होती, दिसत होतं. मी तिच्या बाजूला की दादाच्या, हे मलाही ठरवता येत नव्हतं. भांडण झालंच नाही. ती म्हणाली, "बाबा, मी न्यायला आलेय." आणि दादा म्हणाला, "हो, चल. येतो."

ती हडबडली. "नाही म्हणजे, तुम्हाला जर इथेच..."

"इथे काय आहे?" अगदी साधं विचारलं त्याने. दिवा लावू का विचारावं तसं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

बॅग लहानशी. वहिनीचं काही घेतलं नाही. भाची म्हणाली, "आईचा एखादा स्वेटर घेऊ या ना बाबा," तर म्हणाला, "नीट लावलंय सगळं, राहू दे." मला म्हणाला, "तू इथेच राहा. घर बंद ठेवू नकोस." मी म्हटलं, "उन्हाळ्यात येशील ना?" तो हो म्हणाला. भाचीसुद्धा हो म्हणाली. आम्ही तिघं तिथे उभे राहून हो हो म्हणत होतो.

गाडीत बसता बसता त्याला काहीतरी आठवलं. काच खाली करून म्हणाला, "चिमणे, त्या दुकानदाराला मी म्हटलं होतं, एक दिवस घरचा चहा आणतो. त्याने इतके दिवस पाजला. ते राहिलंच."

"मी देते."

"थर्मासमध्ये ने. गार नको."

काच वर गेली.

मी वर आले, चहा केला, थर्मास भरला आणि निघाले. मखमल खुर्च्या पुसत होता. काचेवर आता काही नव्हतं. मागे दोन आरसे समोरासमोर, मधे मोकळी जागा. मी स्टुलावर थर्मास ठेवला, झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे केला.

"हे काय, ताई?"

"दादाने पाठवलाय. तुमचा चहा राहिला होता म्हणाला."

त्याने दोन्ही हातांनी घेतलं. फुंकर घालत, हळूहळू प्यायला. "स्वतः नाही आले?"

"मुलीकडे राहायला गेला तो."

"येतील परत?"

मी दुसऱ्यांदा झाकण भरलं. त्याने तेही घेतलं.

त्याचं पिऊन झाल्यावर मी मागच्या नळावर झाकण धुतलं, झटकलं, थर्मासवर फिरवून घट्ट लावलं, आणि घरी आले.